बॉन्साय (वामनवृक्ष)

बॉन्साय : उथळ कुंडीत वाढवलेल्या काष्ठमय वनस्पतीला अनेक वर्षांच्या संस्काराने जुन्या, पूर्ण वाढलेल्या वृक्षाचे रूप देण्याची उद्यानकला, तसेच या कलेने घडवलेले झाड. मराठीत ‘वामनवृक्ष’ असेही म्हणतात. असे झाड आनुवंशिक दृष्ट्या खुजे नसते. त्याचे बी जमिनीत पेरल्यास त्या जातीचा नेहमीच्या उंचीचाच वृक्ष वाढतो. बॉन्सायची उंची सामान्यतः एक मीटरच्या आत असते. सुमारे २० सेंमी. पर्यंतच्या झाडांना जपानी परिभाषेत शोहिन व त्याहून लहान, तळहातावर मावतील अशा झाडांना मामे म्हणतात.

उगम : ही कला मूळची चीनमधील, हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. शान्शी प्रांतातील राजपुत्र जांग्हुआय याच्या थडग्यात (इ. स. ७०६) पसरट भांड्यात लहान झाडे व दगड घेऊन चाललेल्या सेवकाचे भित्तिचित्र आहे. हा सर्वांत जुना पुरावा म्हणून वारंवार दिला जातो. मात्र चित्रातील झाडे छाटून खुजी केलेली आहेत की ती केवळ कोवळी रोपे आहेत, याचा निर्णय चित्रावरून होत नाही. त्यामुळे कुंडीत निसर्गदृश्य रचण्याच्या पेन्जिंग परंपरेची ती आधीची पायरी असावी, एवढेच म्हणणे सुरक्षित ठरते. जपानमध्ये ही आवड बहुधा चीनमध्ये ये-जा करणाऱ्या बौद्ध भिक्षूंमार्फत पोहोचली. ‘कासुगा गोन्गेन गेन्की’ या १३०९ मधील चित्रगुंडाळीत कुंडीतील लहान झाडे दिसतात आणि झेन भिक्षू कोकान शिरेन (१२७८–१३४६) याने अशाच लघुदृश्यावर एक काव्यमय गद्यरचना केली आहे. यांवरून चौदाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील उच्चवर्गात हा छंद रुजला होता, असे अनुमान निघते. आज परिचित असलेली शिस्तबद्ध शैली मात्र बरीच अलीकडची असून तिची घडण मुख्यतः मेजी कालखंडात (१८६८–१९१२) व त्यानंतर झाली. १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकिओतील काही व्यावसायिकांनी शहराबाहेर स्थलांतर केले आणि १९२५ मध्ये ओमिया येथे बॉन्सायग्राम वसवले.

या कलेचे मूळ भारतात असल्याचे प्रतिपादन आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. प्राचीन वैद्य औषधी वृक्षांची लहान रूपे कुंडीत सांभाळत आणि बौद्ध धर्माबरोबर ही विद्या पूर्वेकडे गेली, असा त्याचा आशय असतो. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त (सहावे शतक) वृक्षायुर्वेदावर स्वतंत्र अध्याय आहे, तर सुमारे दहाव्या-अकराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या सुरपालाच्या ‘वृक्षायुर्वेदा’त झाडांच्या फुलाफळांत चमत्कृती घडवून आणणारे विचित्रीकरणाचे प्रयोग सांगितले आहेत. तथापि झाड कुंडीत लावणे किंवा त्याच्या फळात पालट घडवणे वेगळे आणि एकाच झाडाला वर्षानुवर्षे छाटून वृक्षाकृती देणे वेगळे. त्यामुळे केवळ या ग्रंथांच्या आधारे भारतीय उगमाचे मत स्वीकारणे कठीण आहे.

खोड व मुळे : कुंडीत कोंडून उपाशी ठेवल्याने झाड खुजे होते, हा समज चुकीचा आहे. उपाशी झाड नुसते रोडावते. त्याला आकार येत नाही. बॉन्सायची घडण मोकळी वाढ आणि कडक छाटणी आलटून पालटून केल्याने होते, आणि यांतील पहिल्या भागाकडे हौशी मंडळींचे हमखास दुर्लक्ष होते. खोडाची जाडी त्याच्यावरच्या एकूण पानोऱ्यावर अवलंबून असते. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे, मोठ्या जातींत त्याहूनही अधिक काळ, रोप जमिनीत किंवा प्रशस्त कुंडीत मोकळे वाढू देतात. हवी तेवढी जाडी आली की शेंडा एखाद्या बाजूच्या फांदीच्या लगत कापतात आणि त्या फांदीला नवा शेंडा करतात. दर वेळी नवा शेंडा खालच्या भागापेक्षा बारीक असल्यामुळे बुंध्यापासून वर निमुळते होत जाणारे खोड मिळते. एखाद्या ठिकाणी जाडी कमी पडल्यास तेथे एक फांदी मुद्दाम बेसुमार वाढू देऊन नंतर काढून टाकतात. अशा फांदीला ‘बळीची फांदी’ म्हणतात. याच काळात सोटमूळ कापून, मुळे बुंध्याभोवती चहूबाजूंनी आडवी पसरवली जातात. हा मूळपसारा (नेबारी) बिघडल्यास पुढे तो दोष झाकणे कठीण जाते.

तार व फांद्या : शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक खालच्या कळ्या दबवून ठेवते, शेंडा खुडला की त्या फुटतात. या गुणाचा उपयोग करून एका फांदीच्या दोन, दोहोंच्या चार अशा उपफांद्या वाढवत जातात. दिशा देण्यासाठी तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार फांदीच्या सुमारे एक तृतीयांश जाडीची घेऊन, साधारण ४५ अंशांच्या कोनात गुंडाळतात. तांब्याची तार आधी तापवून मऊ केलेली असते आणि वळवताना ती पुन्हा कडक होत जाते. त्यामुळे कमी जाडीची तारही पुरते. वाकवलेली फांदी तारेच्या ताकदीमुळे कायमची वळत नाही. त्या स्थितीत तिच्यावर नव्या लाकडाचे थर चढतात आणि तेच वळण धरून ठेवतात. म्हणून जलद वाढणाऱ्या झाडात वळण लवकर बसते, तसेच तार सालीत रुतण्याचा धोकाही लवकर येतो. पावसाळ्यात वडवर्गीय झाडांची तार दीड-दोन महिन्यांत, क्वचित त्याआधीही, काढावी लागते. ती उलगडण्याऐवजी तुकडे करून काढणे श्रेयस्कर, कारण उलगडताना कोवळी फांदी मोडते.

मुंबईतील पद्धती : जपानी वेळापत्रक चार ऋतूंवर बेतलेले असून तेथील पाइन, मेपल यांना थंडीतील विश्रांती आवश्यक असते. मुंबईत अशी थंडी पडत नाही. उलट २,००० मिमी. हून अधिक पाऊस जवळजवळ चार महिन्यांत पडतो. त्यामुळे येथे ही झाडे फारशी टिकत नाहीत. वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, कुंती, चिंच, बोगनवेल, डाळिंब, जेड यांवरच येथील काम उभे आहे. वडपिंपळाची पाने मुळात मोठी असल्याने ती लहान होण्याला मर्यादा पडते. लहान बॉन्सायसाठी नांद्रुक किंवा कुंती अधिक योग्य होत. जुन्या चाळींच्या भिंतींत, सज्ज्यांच्या फटींत आणि पावसाच्या पाइपालगत उगवलेली पिंपळाची व नांद्रुकाची रोपे उपटून आणण्याची येथे जुनी सवय आहे. फटीत कोंडल्यामुळे अशा रोपांचा बुंधा वाकडातिकडा, काही वेळा फारच देखणा झालेला असतो. मूळ मात्र बहुधा एकाच बाजूला असते आणि ते सुधारण्यातच दोन-तीन वर्षे जातात.

पुनर्लागण आणि मुळांची छाटणी येथे मेअखेरीस किंवा पहिल्या सरींनंतर करतात, कारण दमट हवेत पानांतून पाणी कमी उडते व नवी मुळे लवकर धरतात. कोवळ्या वडवर्गीय झाडांची कुंडी दर एक-दोन वर्षांनी व जुन्यांची त्याहून उशिरा बदलतात. निरोगी वडवर्गीय झाडाची सर्व पाने उन्हाळ्याच्या अखेरीस काढली, तर येणारी नवी पाने लहान असतात व फांद्या अधिक फुटतात. अशक्त झाडावर हा प्रयोग करू नये. पारंब्याही याच दमट काळात सुटतात. त्या हव्या तिथे मातीपर्यंत पोहोचाव्यात म्हणून काही जण त्या प्लॅस्टिकच्या नळीतून खाली नेतात.

मिश्रणात पाण्याचा निचरा होणे महत्त्वाचे. विटांचे खडे, बारीक खडी आणि कुजलेले शेणखत यांचे प्रमाण प्रत्येक जण आपापल्या अनुभवाने ठरवतो. नुसती लाल माती जुलैच्या पावसात चिखल होऊन मुळे कुजवते. सदनिकेच्या जाळीच्या खिडकीत ऊन एकाच बाजूने येत असल्याने कुंडी दर आठवड्याला थोडी फिरवावी लागते. समुद्राकाठच्या इमारतींत खारा वारा पानांच्या कडा करपवतो. पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि नांद्रुकाची पाने दुमडणारे फुलकिडे ही नेहमीची कीड असून तिच्यावर निंबोळी अर्क फवारतात.

घरात खुंटलेले झाड अशुभ, अशी समजूत मुंबईतील काही कुटुंबांत अद्याप आहे. त्यामुळे पिंपळाच्या बॉन्सायला घरापेक्षा गच्चीवर जागा मिळते. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानातील महानगरपालिकेच्या वार्षिक उद्यान प्रदर्शनात बॉन्साय मांडले जातात. हे प्रदर्शन हिवाळ्याच्या शेवटी भरते. पावसाळी वाढ तोवर स्थिरावलेली असते, म्हणून स्पर्धेसाठी झाड उतरवणारे लोक छाटणीचा अखेरचा हात त्याआधी काही आठवडे फिरवून घेतात.