मे महिना सोसेल असा गेमिंग पीसी

गेमिंग पीसी जुळवायचा म्हटलं की चर्चा थेट ग्राफिक्स कार्डावर जाते. जळगाव-भुसावळकडे मी आधी वेगळंच विचारेन: मे महिन्यात दुपारी तुमच्या खोलीत पारा किती असतो?

बाहेर 45 अंश असताना स्लॅबखालच्या खोलीत 40 सहज भरतात. कॅबिनेटचा पंखा हवा गार करत नाही, फक्त उष्णता पुढे ढकलतो. त्यामुळे चिप खोलीपेक्षा गरमच राहणार, आणि तो फरक साधारण ठरलेला असतो. 25 अंशांच्या खोलीत 80 वर जाणारा प्रोसेसर 40 च्या खोलीत त्याच गेमला 95 गाठतो. आजचे बरेच प्रोसेसर 95 ते 100 च्या आसपास स्वतःच वेग उतरवतात. महागडा लिक्विड कूलरही यातून सुटत नाही; त्यातलं पाणी शेवटी त्याच हवेत उष्णता सोडतं.

म्हणून वॅट बघा. पीसीने ओढलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन खोलीतच उतरते. आरटीएक्स 4060 हे 115 वॅटचं कार्ड, 4090 तब्बल 450 वॅटचं. दुसरं घ्यायचं तर एसीचाही खर्च धरा. घेतलेलं कार्ड थंड ठेवायचा एक फुकट उपाय आहे, अंडरव्होल्टिंग, म्हणजे चिपचं व्होल्टेज थोडं उतरवणं. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. तोच वेग ठेवून व्होल्टेज 10 टक्के उतरवलं, तर ही वीज सुमारे 19 टक्के घटते. प्रत्येक चिपला इतकं झेपेलच असं नाही, बेताबेताने उतरवून बघावं.

रॅम 16 जीबी, साठवणीला एनव्हीएमई एसएसडी. यात फार डोकं लावू नका.

एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, मात्र पैसे वाचवू नका. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू उडून जातो. ढोबळ हिशोब असा, की तापमान 10 अंश वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. खोक्यावरचा 80 प्लसचा शिक्का कार्यक्षमतेचा आहे, टिकाऊपणाचा नाही, आणि ती चाचणीही 23 अंशांच्या आसपास होते. पूर्ण वॅट 50 अंशांनाही देतो असं लिहिलेला एसएमपीएस घ्या. कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. काचेचं दिसतं झकास, पण हवा कोंडते.

राहिला घरचा कूलर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो खोलीचा पारा खरोखर उतरवतो, खिडकी उघडी असेल तर. झोत मात्र थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे तुषार उडाले तर बोर्डावर क्षार साचतात. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलरचा जोर ओसरतो, तेव्हा गेममध्ये फ्रेमची मर्यादा सेकंदाला 60 वर बांधा, म्हणजे कार्ड कमी वीज ओढेल.