‘काय दिवे लावणार?’ : संशोधक विद्यार्थ्यांच्या विनोदामागची पार्श्वभूमी

पीएच.डी.वाल्यांची मीम्स मोबाइलवर येतात, लोक हसतात आणि पुढे पाठवतात. गाइडची सही, सहामाही अहवाल, सायनॉप्सिसच्या (प्रबंधाच्या गोषवाऱ्याच्या) पंधराव्या दुरुस्त्या, हे सगळं त्यात असतं. पण मराठी संशोधकांच्या विनोदाचा गाभा यापैकी कशातच नाही. तो पैशाची वाट बघण्यात आहे, आणि ते समजायला गेली दहाएक वर्षं बघावी लागतात.

त्याआधीचं थोडक्यात. प्रबंध टाइप करून घेण्याच्या काळातले किस्से तोंडी राहिले. 1997 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी दैनिकात अभियांत्रिकीच्या एका संशोधकाने व्यंगचित्रमालिका सुरू केली. फुकटचं जेवण, गायब असलेला गाइड, न संपणारा प्रबंध हे तिचे विषय, आणि तिची पानं मी आपल्याकडच्या प्रयोगशाळांच्या दारांवरही चिकटवलेली पाहिली आहेत. हसू यायचं, पण ते परक्या घरातलं वाटायचं. तिथे पगार कमी म्हणून विनोद, इथे तो येणार कधी म्हणून.

ऑक्टोबर 2015 मध्ये नेट, म्हणजे प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, पास नसलेल्या संशोधकांना मिळणारी महिना 8,000 रुपयांची फेलोशिप बंद करण्याचा निर्णय विद्यापीठ अनुदान आयोगाने घेतला आणि दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर बसले. त्याच परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळवलेल्यांचे 25,000 रुपये 2019 मध्ये 31,000 झाले, जानेवारी 2023 पासून 37,000. आकडे वाढले, खात्यात पडण्याची तारीख मात्र कधीच ठरलेली नव्हती. आमच्या वसतिगृहाबाहेरच्या टपरीवर काकांनी उधारीच्या वहीत एका मित्राच्या नावापुढे आधीच ‘डॉ.’ लिहून ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाले, “तू फेडशील तोवर झालेलाच असशील.” त्या वहीवर आम्ही महिनाभर हसलो. मित्राचे वडील शेतमजूर, घरात पदवीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. गावाकडून फोन आला की प्रश्न एकच, “अजून शिकतोयस?” त्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण त्या वहीचा किस्सा सांगितला की आईही हसायची.

मधल्या काळात जर्नल्सचा, म्हणजे शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा, गोंधळ झाला. आयोगाची मान्यताप्राप्त यादी आली, मे 2018 मध्ये तिच्यातून 4,305 नावं एका फटक्यात उडाली, 2019 मध्ये नवी यादी आली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये पीएच.डी.साठी शोधनिबंध छापण्याची सक्तीच गेली. पैसे भरून छापणाऱ्या जर्नल्सचे मेल पहिल्या वर्षाच्या पोरांना ‘आदरणीय प्राध्यापक’ म्हणत यायचे. ते मेल मोठ्याने वाचून दाखवणं हा मेसमधला नेहमीचा कार्यक्रम होता.

मग आला डिसेंबर 2023. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राज्याच्या फेलोशिपच्या जागा 200 वर आणल्याचा विषय निघाला. पोरं पीएच.डी. करतील, असं विरोधी बाकावरून सांगितलं गेलं, तेव्हा एका ज्येष्ठ मंत्र्यांनी विचारलं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार आहेत? जागा किती असाव्यात हे सरकारने ठरवणं गैर नाही, तिजोरीला मर्यादा असतेच. पण हा वाक्प्रचार साधा नाही. मराठीत ‘दिवे लावले’ कौतुकाने कुणी म्हणत नाही. नापास झालेल्या मुलाला बाप म्हणतो, “काय दिवे लावलेस ते दाखव.” म्हणजे प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. जागा कोणाच्या कापल्या जात होत्या हे पाहिलं की तो शब्द अधिक टोचतो. मराठा, ओबीसी, अनुसूचित जातींमधल्या ज्या घरांत दिवेलागणीला अभ्यासाला बसणारं हे पहिलंच पोर, त्यांच्यासाठीच्या त्या फेलोशिप होत्या. म्हणून माझ्या मते तो केवळ बोलण्याच्या ओघातला शब्द नव्हता.

आणि त्याच महिन्यात, 24 डिसेंबरला, याच फेलोशिपसाठी घेतलेल्या चाळणी परीक्षेत 2019 च्या सेटचीच, म्हणजे राज्याच्या प्राध्यापक पात्रता परीक्षेचीच, प्रश्नपत्रिका समोर आली. विद्यार्थी परीक्षा सोडून बाहेर पडले, 10 जानेवारीला फेरपरीक्षा घ्यावी लागली. आयोगाच्या 2018 च्या नियमानुसार प्रबंधात दुसऱ्यांच्या लिखाणाशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यापुढे कारवाई. मग त्या प्रश्नपत्रिकेचा साम्य अहवाल कुणी काढला, हा विनोद त्या संध्याकाळीच फिरायला लागला. तो कुणी पहिल्यांदा लिहिला हे कुणालाच ठाऊक नाही, पण त्या आठवड्यात दोनेकशे किलोमीटरचा प्रवास करून केंद्रावर आलेली आणि हात हलवत परतलेली पोरं तो एकमेकांना पाठवत होती.

‘दिवे’ मात्र टिकले. व्हायवा (प्रबंधाची तोंडी परीक्षा) झाला की ग्रुपवर पणतीची इमोजी पडते. फेलोशिपचा हप्ता आला की कुणीतरी लिहितं, “तेल आलं.” आणि वसतिगृहात रात्री लाइट गेली की अंधारातून हमखास आवाज येतो, “अरे, कुणीतरी पीएच.डी.वाल्याला उठवा!”