टीबीएक्सटी जनुक आणि कपींची गळालेली शेपूट

वानराला आणि बहुतेक माकडांना शेपूट असते. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपँझी आणि माणूस या कपींना ती नाही. उरले आहे ते माकडहाड. साधारण अडीच कोटी वर्षांपूर्वी घडलेल्या या बदलाचा माग टीबीएक्सटी या जनुकापर्यंत जातो. हे जनुक गर्भात पृष्ठरज्जू (पाठीचा आधारदंड) आणि शरीराचा मागचा भाग घडवते. त्यात बिघाड झाला की उंदराची शेपूट आखूड होते, हे १९२७ पासून माहीत आहे.

कपी आणि माकडांच्या या जनुकाची तुलना करताना नुसते एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, जुळवून पाहिले तर कारण हाती लागत नाही. ते सहाव्या इन्ट्रॉनमध्ये, म्हणजे एक्सॉनांमधल्या प्रथिनाचा मजकूर नसलेल्या तुकड्यात आहे. तिथे सुमारे ३०० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) ‘अलूवाय’ हा तुकडा फक्त कपींमध्ये घुसलेला दिसतो; तो जनुकसंचात जागोजागी पुन्हा पुन्हा येणाऱ्या ‘अलू’ तुकड्यांपैकी एक. पाचव्या इन्ट्रॉनमध्ये आधीपासूनच उलट्या दिशेचा दुसरा अलू आहे. जनुकाची नक्कल असलेल्या आरएनएमध्ये हे दोघे एकमेकांना चिकटतात, मधला सहावा एक्सॉन फासात अडकतो आणि काही प्रतींतून वगळला जातो.

गफलत बहुधा इथेच होते. मानवी जनुकसंचात अलूच्या दहा लाखांहून अधिक प्रती असल्याने डीएनएची आखूड वाचने (यंत्राने वाचलेले छोटे तुकडे) भलत्याच जागी बसतात, आणि पुनरावृत्त भाग झाकणारी संगणकप्रणाली तर हा पुरावाच लपवते. म्हणून पीसीआरचे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्राचे, प्रायमर (सुरुवात करून देणारे छोटे तुकडे) अलूच्या आत न घेता दोन्ही बाजूंच्या एकमेव क्रमात घ्यावेत. कपींचा पट्टा (मिळालेला डीएनए तुकडा) माकडांपेक्षा सुमारे ३०० बेसने लांब यायला हवा. आरएनए तपासायचा तर प्रौढाचे रक्त उपयोगी नाही. हे जनुक मुख्यतः सुरुवातीच्या गर्भात चालते, त्यामुळे मूलपेशींना त्या अवस्थेपर्यंत वाढवावे लागते.

शेपूट नसलेल्यांत घुसखोर तुकडा सापडला, एवढ्याने कारण सिद्ध होत नाही. उत्तर आफ्रिकेतल्या बार्बरी मकाकलाही शेपूट नाही, पण ती त्याने कपींपासून स्वतंत्रपणे गमावली. खरी कसोटी प्रयोगाची. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधील संशोधनात मानवी मूलपेशींतून दोनपैकी कोणताही अलू काढला, तेव्हा एक्सॉन वगळणे जवळपास थांबले. उंदरांत या जनुकाचे पूर्ण आणि (सहावा एक्सॉन नसलेला) आखूड असे दोन्ही प्रकार एकत्र बनवले, तेव्हा काहींची शेपूट आखूड झाली, तर काहींना ती आलीच नाही. जनुकाच्या दोन्ही प्रती आखूड असलेली पिल्ले जगली नाहीत. काहींच्या मज्जानलिकेत (जिच्यापासून मेंदू व मज्जारज्जू बनतात) स्पायना बायफिडासारखे, म्हणजे पाठीचा कणा नीट न मिटण्याचे, दोष होते.