दारूत दूध का फाटत नाही?

बेलीज म्हणजे आयरिश व्हिस्की आणि क्रीम मिसळून केलेलं गोड मद्य. त्याच्या बाटलीवर 'आर. ए. बेली' अशी झोकदार सही असते. ती पाहून अनेकांना वाटतं की हे पेय एखाद्या जुन्या आयरिश घराण्याच्या गुप्त पाककृतीतून आलं असावं. परवा आलेल्या एका फॉरवर्डमध्ये तर त्याला थेट मठातल्या साधूंचं औषध केलं होतं! प्रत्यक्षात असा कुणी बेली नव्हताच. हे पेय 1973 साली लंडनच्या सोहो भागातल्या एका छोट्या ऑफिसात जन्मलं आणि ते बाजारात आलं 1974 मध्ये.

आयर्लंडमधल्या गिल्बीज कंपनीला निर्यातीसाठी नवं पेय हवं होतं, कारण सरकार निर्यातीवर करसवलत देत होतं. कंपनीच्या वतीने टॉम जेगो यांनी हे काम डेव्हिड ग्लकमन आणि ह्यू सीमोर-डेव्हिस या दोन सल्लागारांकडे दिलं. ग्लकमन यांनी आधी आयरिश दूधव्यवसायासाठी केरीगोल्ड या लोण्याच्या ब्रँडवर काम केलं होतं, त्यामुळे क्रीम डोक्यात होतंच. दोघे दुकानात गेले, जेमसन व्हिस्की आणि क्रीमचा डबा आणला आणि दोन्ही एकत्र घोटलं. चव वाईट लागली. मग साखर घातली, कॅडबरीची ड्रिंकिंग चॉकलेट पावडर घातली, आणि सगळा खटाटोप पाऊण तासात आटोपला. नाव घेतलं त्याच भागातल्या एका रेस्टॉरंटच्या पाटीवरून. 2007 मध्ये बेलीजची मालक कंपनी डियाजिओने शंभर कोटीवी बाटली विकली गेल्याचं जाहीर केलं.

पण पाऊण तासात जमली ती फक्त चव. ते मिश्रण टिकवणं हे वेगळंच काम होतं, आणि मला खरी भुरळ पडते ती त्याचीच.

आपल्या गावच्या दूध संकलन केंद्रावर एक साधी चाचणी करतात. परीक्षानळीत जितकं दूध, तितक्याच मापाचं तीव्र अल्कोहोल घालून हलवायचं. दुधात आम्लता चढलेली असेल, तर गुठळ्या दिसतात. म्हणजे अल्कोहोल हे दूध फाडायचंच साधन आहे. दुधातलं केसीन हे प्रथिन लहान लहान गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं. प्रत्येक गोळ्याच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असलेल्या केसांची लव असते, आणि या लवेमुळे गोळे एकमेकांपासून दूर राहतात. अल्कोहोलमुळे ही लव आडवी पडते, गोळे जवळ येतात आणि कॅल्शियम त्यांना चिकटवून टाकतं.

दुसरा शत्रू म्हणजे गुरुत्वाकर्षण. दूध आणि क्रीम हे पायस आहेत, म्हणजे इमल्शन: पाण्यात विखुरलेले स्निग्धकण. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका, म्हणून तो वर येतो. बाटलीच्या तोंडाशी लोण्याचं बूच बसलं तर ती कोण घेईल?

इथे स्टोक्सचा नियम कामी येतो. कण वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दुधातला कण साधारण 4 मायक्रॉनचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). प्रचंड दाबाखाली मिश्रण अगदी अरुंद फटीतून ढकललं, म्हणजेच होमोजिनायझेशन केलं, तर कण 0.2 मायक्रॉनपर्यंत बारीक होतात. व्यास वीसपट कमी, म्हणून वेग चारशेपट कमी. शिवाय इतक्या बारीक कणाला भोवतालचे रेणू सतत ढकलत राहतात, त्यामुळे तो वर जायचं जणू विसरतोच.

आता हिशेब करू. एका कणाचे झाले 8,000 कण. स्निग्धांश तेवढाच, पण पृष्ठभाग वीसपट. क्रीम लिक्युअरमध्ये, म्हणजे बेलीजसारख्या गोड मद्यात, स्निग्धांश साधारण 15 टक्के धरला, तर 700 मिलिलिटरच्या बाटलीत तो सुमारे 105 मिलिलिटर. सहा गुणिले आकारमान भागिले व्यास हे सूत्र लावा. उत्तर येतं सुमारे 3,150 चौरस मीटर, म्हणजे 31 गुंठे! एका बाटलीत पाऊण एकराहून जास्त पृष्ठभाग, आणि त्या सगळ्यावर प्रथिनाचं पातळ अस्तर हवं. नाहीतर कण पुन्हा एकमेकांत मिसळून मोठे होणार. दर चौरस मीटरला 1 ते 3 मिलिग्रॅम प्रथिन लागतं, म्हणजे बाटलीमागे काही ग्रॅम. त्यासाठी क्रीम लिक्युअरमध्ये सोडियम केसिनेट घालतात. हे तेच केसीन, पण गोळ्यांना बांधून ठेवणारं कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घातलेलं. डेअरीच्या नळीतला गोंधळ इथे होत नाही.

हे पेय नासत का नाही? बाटलीवर 17 टक्के अल्कोहोल लिहिलेलं असतं, पण ते स्निग्धकणांत फारसं जात नाही. स्निग्धांश, साखर आणि प्रथिनं यांनी अडवलेली जागा वजा केली, तर उरलेल्या पाण्यात अल्कोहोल 24 टक्क्यांच्या आसपास भरतं. जिवाणूंना ते झेपत नाही.

दूध आणि दारू पोटात एकत्र आली की विष होतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पोटातलं आम्ल कुठलंही दूध फाडतंच, बाळाचंसुद्धा; पचन तसंच सुरू होतं. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येतं, ही समजूतही तितकीच निराधार. दारूचे तोटे खरे आहेत, त्यांसाठी खोट्या भीतीची गरज नाही.

लिंबू मात्र या पेयालाही चालत नाही. सामू (pH, आम्लतेचं माप) 4.6 च्या जवळ आला की केसीनवरचा विद्युतभार संपतो आणि ग्लासात पनीर तयार होतं.

आणखी एक शत्रू उरतो, उष्णता. उबेत काही महिने ठेवलं की उरलंसुरलं कॅल्शियम प्रथिनांना जोडत जातं आणि पेय घट्ट होऊन गोठतं. स्कॉटलंडच्या हॅना संशोधन संस्थेत 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला या प्रश्नावर काम झालं. तिथे नमुने मुद्दाम 45 अंश सेल्सियसला ठेवत, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यातली दुपार. उपाय निघाला चिमूटभर सायट्रेटचा, म्हणजे सायट्रिक आम्लाच्या क्षाराचा. ते कॅल्शियमला आधीच पकडून ठेवतं.