गाणी एकत्र ठेवा, लायब्ररी ज्याची त्याची

घरात एकच कॉम्प्युटर, त्यावर तिघांची तीन विंडोज अकाउंट्स, गाणी मात्र सगळ्यांची तीच, आणि ती वाजवायला ॲपलचा 'आयट्यून्स' हा प्रोग्राम. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे 'आयट्यून्सची लायब्ररी पब्लिक फोल्डरमध्ये (सगळ्या अकाउंट्सना उघडता येणाऱ्या फोल्डरमध्ये) टाका.' हा सल्ला कृपया देऊ नका.

'होम शेअरिंग' घरातल्या वेगवेगळ्या कॉम्प्युटरांसाठी आणि 'फॅमिली शेअरिंग' विकत घेतलेल्या गाण्यांसाठी असतं, त्यामुळे ती दोन्ही इथे बाजूला ठेवू. खरा घोळ 'लायब्ररी' या शब्दात आहे. मीडिया फोल्डरमध्ये प्रत्यक्ष गाणी असतात. 'आयट्यून्स लायब्ररी डॉट आयटीएल' ही फाइल म्हणजे नुसती नोंदवही: गाणं कुठल्या फोल्डरात आहे, किती वेळा वाजलं, किती तारे दिले, कुठल्या प्लेलिस्टमध्ये आहे.

ही वहीच सामायिक केली, तर आईच्या भजनांचे आणि मुलीच्या रॅपचे तारे, प्लेलिस्ट सगळं एकमेकांत मिसळतं. शिवाय 'स्विच युजर' करून दुसरं अकाउंट उघडलं आणि पहिल्यात आयट्यून्स चालूच राहिलं, तर फाइल लॉक असल्याचा एरर येतो. सामायिक करायची ती फक्त गाणी.

ज्या अकाउंटमध्ये गाणी आहेत तिथे एडिट › प्रेफरन्सेस › ॲडव्हान्स्डमध्ये मीडिया फोल्डरची जागा बदलून 'पब्लिक म्युझिक'मधला फोल्डर द्या. मग फाइल › लायब्ररी › ऑर्गनाइझ लायब्ररीमधून 'कन्सॉलिडेट फाइल्स' करा. यात फाइल्स हलत नाहीत, त्यांची प्रत होते. म्हणजे ६० जीबी गाण्यांना आणखी ६० जीबी मोकळी जागा लागेल. नवी प्रत नीट वाजते हे पाहूनच जुनी पुसा. बाकीच्या अकाउंट्समध्ये हीच जागा देऊन 'ॲड फोल्डर टू लायब्ररी' करा.

यानंतर प्रत्येक अकाउंटमध्ये 'कीप आयट्यून्स मीडिया फोल्डर ऑर्गनाइझ्ड'वरची खूण काढाच. ती राहिली, तर एकाने गायकाचं नाव दुरुस्त केल्यावर फाइल दुसऱ्या फोल्डरात जाते. बाकीच्यांच्या वहीत पत्ता जुनाच असल्यानं तिथे गाण्यापुढे उद्गारचिन्ह दिसतं.

एकाने घातलेलं नवं गाणं इतरांना आपोआप दिसत नाही, त्यांना फोल्डर पुन्हा ॲड करावा लागतो. आणि गाणं काढताना 'कीप फाइल'च निवडा, नाहीतर ते सगळ्यांचंच जाईल.