असर्शन-दुरुस्ती (जेयुनिट ४ ते जेयुनिट ५)

जावा भाषेतील चाचण्या जेयुनिट या चाचणी-आराखड्याच्या आवृत्ती ४ वरून ५ वर नेल्यावर मोडणारी किंवा अर्थ बदलणारी असर्शने (अपेक्षित निकाल खरोखर आला का हे तपासणारी विधाने) दुरुस्त करण्याची प्रक्रिया. जेयुनिट ५ सप्टेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला किमान जावा ८ लागते.

असर्शनची कल्पना जेयुनिटहून बरीच जुनी आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९४९ मध्येच मोठा प्रोग्राम तपासण्यासाठी ठिकठिकाणी विधाने मांडण्याचे सुचवले होते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६९ मध्ये तिला तर्कशास्त्रीय बैठक दिली. जेयुनिट केंट बेक व एरिक गामा यांनी १९९७ च्या सुमारास लिहिले. त्याचा पूर्वज असलेल्या बेक यांच्या एसयुनिटचा (स्मॉलटॉक भाषेसाठीच्या चाचणी-आराखड्याचा) काळ मात्र निरनिराळा सांगितला जातो : १९८९, १९९४ किंवा १९९८. स्मॉलटॉकमधील चाचण्यांवरचा बेक यांचा लेख १९९४ मध्ये छापून आला, म्हणून निदान तोवर आराखडा तयार होता असे मानणे सयुक्तिक वाटते. १९९८ हे वर्ष तर जेयुनिटच्याही नंतर येते.

दुरुस्तीचा गाभा संदेशाच्या जागेत आहे. जेयुनिट ४ मध्ये अपयशाचा संदेश पहिला असतो, ५ मध्ये तो शेवटी जातो. असर्टट्रू("यादी रिकामी", अट) अशी ओळ ५ मध्ये संकलितच (कंपाइल) होत नाही, त्यामुळे ती लगेच सापडते. पण असर्शनला दिलेली सर्व मूल्ये स्ट्रिंग (मजकूर) असली की संकलक गप्प राहतो. असर्टइक्वल्स("शहर चुकले", "पुणे", शहर) मध्ये संदेशाचीच "पुणे"शी तुलना होते. चाचणी लाल होते (अपयशी ठरते), म्हणून चूक निदान दिसते. खरा धोका नकारार्थी असर्शनांत आहे. असर्टनॉटनल("नाव हवे", नाव) मध्ये तपासला जातो तो संदेश, आणि तो कधीच नल (रिकामा संदर्भ) नसतो. असर्टनॉटइक्वल्स व असर्टनॉटसेम यांचेही तसेच. या चाचण्या हिरव्या (यशस्वी) राहतात आणि काहीही तपासत नाहीत.

म्हणून आयात (फाइलच्या सुरुवातीच्या इम्पोर्ट ओळी) बदलण्याआधीच, पहिला घटक अवतरणचिन्हाने सुरू होणारी सर्व असर्शने शोधून काढावीत. ओपनरिराइटसारखे कोड आपोआप बदलणारे साधन आयात आणि घटकांचा क्रम दोन्ही बदलते. नुसते शोधा-बदला केल्यास वरील सापळा हमखास लागतो. बदललेल्या नकारार्थी असर्शनात मुद्दाम चुकीचे मूल्य घालून ते लाल होते का, हे पाहावे. चाललेल्या चाचण्यांची संख्याही आधी आणि नंतर ताडावी : जुनी टेस्ट-आयात राहिलेली चाचणी व्हिंटेज इंजिन (जुन्या चाचण्या ५ वर चालवणारा भाग) नसेल तर चालतच नाही, आणि मेव्हन या बिल्ड-साधनाचे चाचण्या चालवणारे प्लगइन शुअरफायर २.२२.० पूर्वीचे असेल तर ते जेयुनिट ५ च्या चाचण्या स्वतःहून ओळखत नाही.

असर्टदॅट ५ मधून वगळले आहे. ते हॅमक्रेस्ट या लायब्ररीमधून थेट आयात करावे. दशांश संख्यांसाठी डेल्टा (चालणारा कमाल फरक) न दिल्यास ४ मध्ये असर्टइक्वल्स नेहमीच अपयशी ठरे, ५ मध्ये ते तंतोतंत तुलना करते, ०.१ + ०.२ आणि ०.३ तेथे समान ठरत नाहीत.

टेस्ट-ॲनोटेशनमधील (चाचणीवरील खुणेतील) एक्स्पेक्टेडच्या, म्हणजे अपेक्षित अपवाद सांगणाऱ्या घटकाच्या, जागी असर्टथ्रोज येते. त्याच्या लॅम्ब्डात (त्याला दिलेल्या कोडच्या तुकड्यात) अपवाद (एक्सेप्शन) फेकणारी एकच ओळ ठेवावी. संपूर्ण चाचणी आत कोंबली तर तयारीच्या ओळीतून आलेला त्याच प्रकारचा अपवादही यश म्हणून मोजला जातो. जुन्या पद्धतीचा दोष हाच होता. उपवर्गाचा अपवाद चालणार नसेल तर ५.८ पासून असर्टथ्रोजएक्झॅक्टली उपलब्ध आहे.

टाइमआउटसाठी दोन पर्याय आहेत. असर्टटाइमआउट काम पूर्ण होईपर्यंत थांबते आणि मग उशीर झाल्याचे सांगते, म्हणजे अनंत लूप त्याने तुटत नाही. असर्टटाइमआउटप्रीएम्प्टिव्हली ते तोडते, पण काम वेगळ्या थ्रेडवर (अंमलबजावणीच्या स्वतंत्र धाग्यावर) चालवते. स्प्रिंग या जावा फ्रेमवर्कमधील डेटाबेस-व्यवहार (ट्रान्झॅक्शन) थ्रेडशी बांधलेला असल्याने तेथे केलेल्या नोंदी चाचणीनंतर मागे घेतल्या जात नाहीत आणि पुढच्या चाचण्या त्या उरलेल्या नोंदींवर अडखळतात.