घडाघडा वाचतो, पण कळतं का?

सातवीतलं पोरगं विज्ञानाचा धडा घडाघडा वाचून दाखवतं, कुठे अडखळत नाही, आपण खूश. आता त्याला एकच विचारून बघा. धड्यात आहे, 'वाफ वर जाऊन थंड होते, परिणामी तिचे बारीक थेंब बनतात.' परिणामी म्हणजे काय रे? बऱ्याचदा पोरगं गप्पच. परिणामी, तथापि, अन्यथा हे शब्द घरात कोण बोलतं? ते पुस्तकातच भेटतात आणि नेमकं त्यांच्यावरच अख्खं वाक्य उभं असतं.

गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी 1986 मध्ये हे साध्या गुणाकारात मांडलं: अक्षरं वाचता येणं गुणिले भाषा समजणं बरोबर वाचलेलं कळणं. बेरीज नाही हं, गुणाकार, म्हणजे एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भारी असली तरी उत्तर शून्यच. लहान वर्गात आपण पहिल्या बाजूवर जीव ओततो आणि पाचवीनंतर वाचन शिकवणंच बंद करतो, खरं तर धडे अवघड व्हायला तेव्हाच सुरुवात होते.

आणि विषयाची माहिती! रेक्ट आणि लेस्ली यांचा 1988 चा अमेरिकेतला प्रयोग मला फार महत्त्वाचा वाटतो. सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या खेळाचं वर्णन वाचायला दिलं, मग काय घडलं ते छोट्या मैदानावर बाहुल्या हलवून दाखवायला सांगितलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल माहीत असलेली मुलं, वाचनात हुशार पण खेळ माहीत नसलेल्या मुलांच्या बरीच पुढे गेली. म्हणून नुसतं 'मुख्य मुद्दा शोधा' असले सराव करून घेऊन भागत नाही, इतिहास, भूगोल, विज्ञान नीट शिकवणं हेही वाचन शिकवणंच आहे.

मग वर्गात करायचं काय? पॅलिंक्सार आणि ब्राउन यांनी 1984 मध्ये सातवीच्या मुलांवर एक पद्धत वापरून पाहिली. छोटा गट, एकेकाने पाळीपाळीने सर व्हायचं: परिच्छेद थोडक्यात सांगायचा, प्रश्न विचारायचा, अडलेलं सोडवायचं, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. मुलांना समजायला लागलं. पण आधी शिक्षकाने स्वतः मोठ्याने करून दाखवायचं, 'थांबा, इथे ती म्हणजे कोण? वाफ की हवा? मी परत मागे जाऊन वाचते.' मोठी माणसंपण अडतात, मागे जातात हे मुलांना कधी दिसतच नाही, आपलं सगळं मनातल्या मनात चाललेलं असतं ना.